वडिलांची सही

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. मोटार वाइंडिंगचा वर्ग शिकवायचा म्हणजे शेजारच्या लेथ मशीनच्या घरघरीवर ओरडावंच लागतं, आणि एकदा ओरडायची सवय लागली की ती घरीही सुटत नाही. मुली मला घाबरायच्या आणि मला ते आवडायचं, हे आज कबूल करते. मला वाटायचं, बाई कडक असली की मुली सुरक्षित राहतात. कसल्या सुरक्षित, डोंबल!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोसरीत नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्या प्रशिक्षण केंद्रात पहिल्यांदाच मुलींसाठी वाइंडिंगचा वर्ग निघाला होता. तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी करून ती मोटारीच्या खाचांत बसवायची, हे काम. वर्षभराचा कोर्स, शेवटी परीक्षा, आणि सर्टिफिकेट हातात पडलं की कंपनीत नोकरी जवळजवळ ठरलेली.

त्या वर्गात चऱ्होलीची एक मुलगी होती. अठरा पूर्ण झालेली, अंगानं बारीक, मान खाली घालून काम करणारी. चऱ्होलीहून दिघीपर्यंत चालत यायची आणि तिथून बस धरायची. तिच्या घरातली कुठलीच बाई कधी शेताबाहेर कामाला गेली नव्हती. वडील आधी नाहीच म्हणाले होते. मग मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन बसले. "तुमची मुलगी माझ्या नजरेखाली राहील," असं मी छातीठोकपणे सांगितलं. वडील म्हणाले, "तुमच्या भरवशावर पाठवतो, बाई. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

आणि काय हात होता पोरीचा! तार ओढताना कुठं ताण नाही, कुठं ढिलाई नाही. एका कंपनीचे साहेब वर्ग बघायला आले, तेव्हा तिच्या टेबलाशी थांबले. परीक्षा झाली की हिला पाठवा, असं मला म्हणून गेले. मी तिला ते सांगितलं तर खुदकन हसली. "खरंच बाई? मंग मी माझ्या पगारातनं धाकटीला शिकवीन," म्हणाली. धाकटी बहीण तेव्हा चौथीत होती.

परीक्षेला दीड महिना उरला असताना हिचं काम बिघडायला लागलं. नव्या तारेऐवजी ही जळक्या मोटारीतून काढलेली जुनी तार सरळ करून वापरायची. तसल्या तारेवरचा वीज अडवणारा लेप तडकलेला असतो. एके दिवशी टेस्टला लावताच तिच्या मोटारीतून भसकन धूर निघाला. मी सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. "आळशी कुठली! स्टोअर काय मैलभर लांब आहे का? उठून तार आणायला पाय दुखतात?" ती मान खाली घालून जळकी तार उपसायला लागली. मी अजूनच चिडले. तिचा दंड धरला, तिला स्टोअरच्या दारापर्यंत नेलं आणि म्हटलं, "जा. माझ्यासमोर तार घेऊन ये."

ती आत गेली. स्टोअरकीपरनं माझ्याकडं बघून हसून मान हलवली. मी वळून वर्गात आले, कारण कुणीतरी वार्निशचा डबा सांडला होता.

ती परत आली तेव्हा हातात तारेचं नवंकोरं रीळ होतं. "मिळाली, बाई," म्हणाली. अ‍ॅप्रनची नाडी शिवणीतून उसवून लोंबत होती. ओठ पांढरे पडले होते. मी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं.

"त्यो तार मोजायच्या नावानं आत बोलावतो आन् दार लावतो, बाई," ती म्हणाली. "दिवाळीपासनं चाललंय."

बाकीच्या मुलींना माहीत होतं. कारखान्यांच्या कॉलनीतल्या पोरी फटकळ. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मोठ्यानं तार मागायच्या, आणि त्यांच्या वाटेला तो जायचा नाही. हिला तसं बोलणं जमत नव्हतं. जोडीनं जावं तर तीही सोय नव्हती. एका वेळी एकीनंच जागा सोडायची, हा नियम होता, आणि तो मीच केलेला होता. मेला तो स्टोअरकीपर तर नीचच. पण त्याच्या दारात तिला एकटी उभी करणारी मी होते.

मी तडक प्राचार्यसाहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर हात आपटून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंखा थोडा कमी केला आणि म्हणाले, "अहो बाई, तोंडी बोलण्यावर मी कुणाला काढू शकत नाही. लेखी तक्रार द्या. मुलीची सही, आणि खाली तिच्या वडिलांची. पालकांची सही नसेल तर वर कुणी कागद हातात घेणार नाही."

मला ते रास्त वाटलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. सही आणली की याची हकालपट्टी, इतकं सोपं मी ते धरलं.

मुलीला सांगितलं तर तिनं माझे दोन्ही हात धरले. "घरी नका सांगू, बाई. पाया पडते तुमच्या. परीक्षा हुंद्या. दीडच म्हैना ऱ्हायलाय. तवर मी जुन्या तारंवर भागवते."

"वेडी का काय तू? चूक त्याची आहे. तू कशाला भ्यायचं? मी आहे ना!"

"तुमी हायसा, बाई. पन तुमी आमच्या घरात न्हाई ऱ्हात."

हे वाक्य मी ऐकलं, आणि तरी रविवारी चऱ्होलीला गेले.

वडील घरीच होते. मी सगळं सांगितलं, शक्य तितक्या सौम्य शब्दांत. वाटलं होतं, हा माणूस संतापेल, काठी घेऊन केंद्रात येईल. तसं काहीच झालं नाही. त्यांनी मला चहा दिला. कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून मला परत दिला.

"ह्याच्यावर सही केली म्हंजी समद्या गावाला कळलं की, बाई. उद्या तिला कोन करून घील?" मग म्हणाले, "तुमी येऊन सांगितलंत, उपकार झाले. दुसऱ्या कुनी सांगितलं नसतं."

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. भांडण मला येतं.

सोमवारी तिचं स्टूल रिकामं होतं. मंगळवारी वडील एकटेच आले. धुऊन घडी केलेला अ‍ॅप्रन, पक्कड आणि कात्री माझ्या टेबलावर ठेवली, हात जोडले आणि गेले. तक्रारच नाही, तर कारवाई कसली? स्टोअरकीपर जागेवर राहिला. मी सुताराला बोलावून स्टोअरचं दार बिजागरीसकट काढायला लावलं. कुणाची परवानगी विचारली नाही, आणि प्राचार्यसाहेबांनीही डोळेझाक केली. एका वेळी एकीनंच उठायचं, तो नियमही मोडला. हे सगळं मला आधी करता आलं असतं. त्याला कुणाच्याच वडिलांची सही लागत नव्हती.

पुढं स्टोअरकीपर सन्मानानं निवृत्त झाला. हार, नारळ, भाषण. मी पेढा घेतला नाही. एवढंच केलं.

महिन्याभरात तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मुलगा चाकणकडचा, बिजवर. मी पुन्हा चऱ्होलीला गेले, निदान परीक्षेला तरी बसू द्या म्हणून विनवायला. वडील माझ्याशी आदरानंच बोलले आणि नाही म्हणाले. हळद लागल्यावर घराबाहेर पाठवता येत नाही, म्हणाले. निघताना ती मला घरालगतच्या बांधापर्यंत पोचवायला आली. दंडापर्यंत हळद होती. मला तिची माफी मागायची होती. पण तीच आधी बोलली. आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. ती मला समजावल्यासारखं बोलत होती.

"बाई, म्होरं दुसऱ्या कुन्या पोरीनं तुमास्नी असं काय सांगितलं, तर तिच्या घरी जाऊ नगा. आधी तिलाच इचारा, काय करू म्हनून."

मी तिला तसा शब्द दिला. पाळायचा अगदी मनापासून ठरवलं होतं. त्यानंतर आठ वर्षं मी तोच वर्ग शिकवला. मुली आल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या. काहींचं काम मधेच बिघडायचं, काहींचे डोळे सुजलेले असायचे. मी जवळ स्टूल ओढून बसायचे आणि हळू आवाजात विचारायचे, काय झालं गं? त्या माझ्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, काही नाही, बाई. चऱ्होलीच्या मुलीचं काय झालं ते प्रत्येक वर्गाला आधीच्या वर्गानं सांगून ठेवलेलं होतं. त्या आठ वर्षांत एकाही मुलीनं मला काहीही सांगितलं नाही.