उरवड्याची वाफेची लाइन

उरवड्याच्या त्या कारखान्यात मान वर केली की छपराच्या लोखंडी कैच्यांखालनं गेलेला एक काळा पाइप दिसायचा. वाफेचा. बॉयलर बंद पडून लई वर्षं झाली, पर पाइप आपला लटकलेला. तो टांगला होता आमच्या अल्लाबक्षनं आणि मुठ्याच्या कोंडाजीनं, दोघं ऐन जवानीत असताना. पुढं कोंडाजीला धड दिसंना, तो घरी बसला. अल्लाबक्ष अजून तितंच वेल्डिंगची कामं घेतो. डबा खायचा तोबी त्या पाइपाखालीच बसून.

यंदा गार पाण्याची नवी लाइन टाकायची ठरली. शुभांगी इंजिनियरनं कैच्यांचं गणित मांडलं आणि सांगितलं, "चाचा, हे लोखंड छप्पर आणि एक लाइन पेलेल. दोन नाही. जुनी उतरवावी लागेल."

"खालनं खांब दिऊ की, ताई."

"खांबाला जागा कुठंय? मशिनी कुठं हलवू?"

गणित अल्लाबक्षला पटलं. पर गॅसकटर उचलायला हात धजंना. कोंडाजीला न सांगता कापली तर त्याच्या मनाला लागंल, हे डोक्यातनं जाईना. शेवटी गाडी काढली आणि मुठ्याला गेला.

कोंडाजी ओट्यावर शेंगा फोडत होता. सगळं ऐकून म्हणाला, "मंग? मला इचारतोस? मी काय मालक हाय?"

"तुझं काम हाय त्यात."

कोंडाजीनं शेंग बाजूला ठेवली. म्हणाला, "कापून धाडकन टाकू नगंस. चेनपुलीनं उतरव. मी येतो."

शुभांगीनं त्याला हेल्मेट घातलं आणि कामापासनं लांब, दोरीच्या अल्याड खुर्चीवर बसवलं. एकेक तुकडा सावकाश खाली येऊ लागला.

"कोंडाजी, हितंच तुझी चप्पल साहेबाच्या टेबलावर पडली व्हती," अल्लाबक्ष वरनं ओरडला.

"चप्पल तुझी. शिव्या मी खाल्ल्या."

कैच्या मोकळ्या झाल्या. भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला, तसा कोंडाजी चाचपडत उठला. एका तुकड्याच्या सांध्यावरनं बोट फिरवलं.

"ही तुझी वेल्डिंग. वाकडी हाय."

"वाकडी तुझी. माझी पल्याडची."

दोघांचं मिटंना. टेम्पोवाला कटाळून म्हणाला, "भरू का न्हाई?"

अल्लाबक्षनं कोंडाजीकडं बघितलं.

"भर बाबा," कोंडाजी म्हणाला. "ह्याला वर नवी टांगायचीय."