गुरुजींची गाडी आणि माझं एचडीआर

एचडीआर हा प्रकार मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो आणि शिकल्याबरोबर डोक्यात हवा गेली. पोंभुर्ण्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं आणि पासपोर्ट साइज, यापलीकडे कधी गेलो नव्हतो. तेवढ्यात शेजारचे निवृत्त गुरुजी आले. नागपूरला जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं आणि फोटो पाहूनच गाड्या निवडणार होते. गुरुजींची मलईरंगाची अँबेसडर लेकरासारखी जपलेली.

"साधा फोटो काढून दे गा," ते म्हणाले. "एवढी एकच हौस राह्यली माही."

साधा? मी काय आता साधा माणूस होतो काय!

एचडीआरमध्ये कॅमेरा स्टँडवर ठेवून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे: एक काळपट, एक बरोबर, एक पांढराफटक. कॉम्प्युटर ते एकात मिसळतो आणि सावलीतलंही सारं दिसतं. अट एकच, मधल्या वेळात काही हलायला नको. गुरुजींना तर गाडीवर धूळ दिसली की राहवत नाही. मी बटण दाबेपर्यंत ते फडकं घेऊन दुसऱ्या टोकाला. जोडलेल्या फोटोत बॉनेटजवळ एक, दाराशी एक, डिकीपाशी एक, असे तीन आरपार दिसणारे गुरुजी उभे! गुरुजींची बायको, आमच्या बाई, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगा, मले एक सांभाळनं होत नाई, तू तीन काऊन केले?"

दुसऱ्या खेपेस बाईंनी हात धरून गुरुजींना कॅमेऱ्यामागं खुर्चीत बसवलं. मग कॉम्प्युटरवर मी सुटलोच. रंग वाढव, चमक वाढव, आभाळ जांभळं कर. मागचं मोहाचं झाड सोन्याचं दिसायला लागलं आणि गाडी जिलेबीसारखी चकाकायला लागली.

"गाडीचा रंग असा नाई ना गा?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"गुरुजी, तुमाले यातलं नाई समजत." ज्या माणसानं मला बाराखडी शिकवली, त्याला मी हे म्हणालो!

तोच फोटो नागपूरला पाठवला. आठ दिवसांनी प्रदर्शनवाल्यांचं उत्तर आलं: रंगवलेली चित्रं चालत नाहीत. गाडी खरोखर असल्यास कळवावे.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. "असल्यास?" ते म्हणाले. "जल्मभर पोराइले खरं बोला म्हनून शिकवलं मी. आन् मीच खोटा ठरलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साधा फोटो आत्ता पाठवतो, म्हणालो.

"फोटो नोको आता," ते म्हणाले. "गाडीच नेतो."

ती गाडी कित्येक वर्षांत जवळच्या मूल गावाच्या पुढं गेली नव्हती. पुढं गुरुजी आणि बाई, मागं मी, धक्का मारायला. तीन ठिकाणी मारला. नागपूरला पोचेपर्यंत माझा शर्ट पिळून काढावा असा झाला होता. तिथल्या साहेबांनी गाडीला चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, पत्र्यावर टकटक केलं.

"घ्या, आत घ्या गाडी," ते म्हणाले. "पण काय हो, इतकी चांगली गाडी असताना तसला फोटो कोणी पाठवला?"

मेलो! मी बाईंच्या मागं सरकलो. गुरुजींनी मला खांद्याला धरून सगळ्यांपुढं ओढलं.

"हे आमचे फोटोग्राफर," ते म्हणाले. "लय मोठे कलाकार हायेत. याइच्यामुळंच गाडी इथवर आनावी लागली."