रसाला की भाजीला?

लातूरच्या भाजीबाजारात एक चाचा कारली विकतात. तराजू उचलण्याआधी ते प्रत्येकाला विचारतात, "रसाला की भाजीला?" यांना कशाला ही चौकशी, याचं मला कुतूहल वाटे. मी मात्र "भाजीला" असं खोटंच सांगायचो.

मला मधुमेह आहे. सकाळच्या गोळीवर मी पेलाभर कारल्याचा रस सुरू केला होता. वहीतला साखरेचा आकडा रोज उतरत होता आणि मी खूश होतो. आठव्या दिवशी चाचांसमोरच मला घाम फुटला, हातपाय थरथरले. त्यांनी मला पोत्यावर बसवून स्वतःचा चहा चमचाभर जादा साखर घालून पाजला.

"रोज अर्धा किलोची भाजी कोण खातं, साहेब? गोळी बी अन् रस बी?"

"आकडा उतरत होता, चाचा."

"उतरतो की. पण कुठं थांबायचं, ते कारल्याला कळत न्हाई. माझी बायको अशीच न्हाणीत पडली. तवापासून पुसतो मी."

डॉक्टरांनी रस बंद केला, भाजी चालेल म्हणाले. परवा मी चाचांना खरंखुरं "भाजीला" म्हणालो. तरी तराजू जागचा हलला नाही.

"सकाळचं खाऊन आलात का?"

मी हो म्हणालो, तेव्हा त्यांनी पाव किलो तोललं.