व्हिएतनामपायी धरलेली अढी

माझ्या बाबांना पक्षातून काढलं ते व्हिएतनामपायी. हे मी शाळेत सोबतच्या शिक्षकांना सांगायची तेव्हा ते हसायचे. उधव्याजवळच्या पाड्यावर भात लावणारा माणूस आणि व्हिएतनाम! पण आमच्या तलासरीत लाल बावटा घराघरात होता, आणि बाबांच्या तरुणपणी व्हिएतनाम त्यांना डहाणूपेक्षा जवळचं वाटायचं. कुणीतरी दाखवलेल्या फोटोत त्यांनी तिथली शेतं पाहिली होती. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायका, मागे बांबूचं बेट. "आपलाच पाडा आहे," असं ते म्हणायचे.

बाबांचे जिवलग मित्र आमच्या बांधापलीकडे राहत. मी त्यांना काका म्हणायची. दोघं रात्रीच्या वर्गात एकत्र अक्षरं शिकले, एकत्र मोर्च्यांना गेले. अमेरिकेशी लढणाऱ्या व्हिएतनामच्या नावाने घोषणा देऊन दोघांचे घसे बसायचे. चीन तेव्हा व्हिएतनामला तांदूळ देत होता, बंदुका देत होता. दोन्ही देशांत लाल झेंडा, दोघांची सीमा एक. बाबा आणि काकांना यापेक्षा सुंदर शेजार माहीत नव्हता.

मग एकोणऐंशी साली चीननेच व्हिएतनामवर सैन्य घातलं. बाबांनी ते रेडिओवर ऐकलं आणि जेवले नाहीत. पुढच्या बैठकीत ते उभे राहून म्हणाले, "मोठ्याने धाकट्याच्या बांधावर नांगर घातला. चूक ती चूक. आपण तसं बोललं पाहिजे." काका तेव्हा नुकते शाखेचे प्रमुख झाले होते. त्यांनी बाबांना फितूर ठरवलं. पक्षाच्या यादीतून बाबांचं नाव गेलं, तेवढ्यावर भागलं नाही. त्या पावसाळ्यात आमच्या शेतावर आवणीला एकही माणूस आला नाही. आमच्याकडे सगळे एकमेकांच्या शेतात रोपं लावायला जातात. आम्ही सगळ्यांकडे जाऊन आलो होतो. आई, बाबा आणि आम्ही पोरं, एवढ्यांनीच लावलं. अर्धी रोपं वाफ्यातच पिवळी पडली. मी दहा वर्षांची होते. बांधापलीकडे काकांच्या शेतात बायका गात होत्या, ते मला अजून ऐकू येतं.

२०१४ साली बाबा अंथरुणाला खिळले होते. त्या उन्हाळ्यात मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. चीनने व्हिएतनामच्या समुद्रात तेल काढायचा तरंगता कारखाना आणून उभा केला होता, दोघांच्या बोटी एकमेकींवर आदळत होत्या. मधल्या काळात दोन्ही देशांनी हातात हात घेतले होते, व्यापार सुरू केला होता, हेही त्यात होतं. बाबा हसले. "बघ. पुन्हा." मग म्हणाले, "हे त्याला वाचून दाखव." कोणाला, ते विचारावं लागलं नाही. मी गेले नाही.

भात पोटरीला आलं असताना बाबा गेले. आईची एकच इच्छा होती, त्यांच्या अंगावर बावटा घालावा. मी काकांच्या अंगणात गेले. ते खाटेवर बसून चहा पीत होते. "बाय, पक्षात नसलेल्याला बावटा देत नाहीत," ते म्हणाले. "वहिनीला समजावून सांग." चहा तेवढ्यात त्यांनी संपवलासुद्धा. परत येताना बांधावर मी ठरवलं, हा माणूस चारचौघांत मान खाली घालेल तेव्हाच मी सोडेन.

संधी तीन वर्षांनी चालून आली. रशियातल्या क्रांतीला शंभर वर्षं झाली म्हणून तलासरीत शिबिर ठरलं. बोलावणं घेऊन आलेला कार्यकर्ता माझा जुना विद्यार्थी. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. "बाई, तुम्ही इतिहास शिकवता. कुठलाही विषय घ्या."

"अध्यक्ष कोण?" मी विचारलं.

त्याने काकांचं नाव घेतलं. मी म्हटलं, येते. विषय लिहून घे, चीन आणि व्हिएतनाम.

तयारी करताना मला सणासारखं वाटत होतं. रविवारी डहाणूला जाऊन वाचनालयात बसायची. काय बोलायचं हे परतीच्या जीपमध्ये ओठांतल्या ओठांत घोळवायची.

शिबिरात मी शांतपणे बोलले. तांदूळ देणारा चीन सांगितला. युद्ध जिंकल्यावर व्हिएतनाम रशियाकडे कसा झुकला, कंबोडियात कसा शिरला, आणि 'धडा शिकवतो' म्हणत चीन सीमा ओलांडून कसा आला, तेही सांगितलं. मग समेट, मग समुद्रातलं भांडण. तरुण पोरं कान देऊन ऐकत होती. शेवटी मी अध्यक्षांकडे वळले. "तेव्हा आपल्याच तालुक्यात एक माणूस चीन चुकला म्हणाला होता. तो बरोबर होता की चूक, हे अध्यक्षांनी सांगावं."

काका काठी टेकत उठले. मला वाटलं होतं, गप्प बसतील किंवा चिडतील. त्यांनी माइक धरला आणि हसून म्हणाले, "बरोबरच होता. तो माणूस म्हणजे मीच. भर बैठकीत बोललो होतो, मोठ्याने धाकट्याच्या बांधावर नांगर घातला म्हणून."

टाळ्या पडल्या. बाबांचं वाक्य, बाबांच्याच शब्दांत! तेवढ्यात मागे बसलेली आमच्या पाड्यावरची एक म्हातारी उठली.

"खोटं बोलतोस," ती ओरडली. "हे बोलला हिचा बाप. तू काय बोललास ते सांगू? याच्या आवणीला जायचं नाही, असं बोललास. आम्ही ऐकलं तुझं. कोणी नाही गेलो."

टाळ्या थांबल्या. काकांनी माइक बाजूला ठेवला. त्यांनी मान खाली घातली. मी ती बघत राहिले, अगदी पोटभर. वाईट वाटलं नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

त्यानंतर काकांना कुणी व्यासपीठावर बसवलं नाही. मोर्चे निघाले, सभा झाल्या, पोरं त्यांच्या घरावरून पुढे जायची. मला हे कळायचं आणि बरं वाटायचं.

२०१९च्या सुरुवातीला ते माझ्या तलासरीच्या घरी आले. वाळले होते. "पोरं तुझं ऐकतात, बाय. मला एकदा तरी बोलवायला सांग. घरात बसून जीव जातो."

"बाबा किती वर्षं घरात बसले?" मी विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "तो बरोबर होता, मला तेव्हाच कळत होतं. पण मी हो म्हटलं असतं तर माझं पद गेलं असतं. त्याचं बोलणं मी इतक्यांदा मनात बोललो, की माझंच वाटायला लागलं."

बाबा गेल्यावर माझ्याकडे राहायला आलेली आई आत तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली, सूप बाजूला ठेवून तिने त्यांना चहा दिला, गुडघ्यांची चौकशी केली. माझा संताप झाला. त्या माणसाला असं सहज सुटू द्यायचं नव्हतं मला.

"तुम्हाला बोलवा असं मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही या आता."

ते उठून रस्त्यावर गेले. उधव्याची जीप भरलेली होती, ते दुसरीची वाट बघत उन्हात उभे राहिले. माझी स्कूटर दारातच होती. मी आत येऊन दार लावून घेतलं.

पावसाळा सरता सरता ते वारले. मला सांगायला माझा तो विद्यार्थीच आला. मी शाळेची वेळ झाली म्हणाले आणि शाळेत गेले. आई मात्र जीपने पाड्यावर गेली. संध्याकाळी दमून परत आली. मी तिच्या आंघोळीसाठी तेवढं पाणी तापत ठेवलं.