कोहळा एका घावात

माझी निम्मी वकिली रेल्वेने येते. ओडिशाकडच्या गाड्यांत गांजा येतो, गोंदियाच्या फलाटावर बॅग पकडली जाते आणि ज्याच्या सीटखाली ती सापडते तो म्हणतो, "मेरी नहीं है, मॅडम." सगळे हेच म्हणतात. मी विश्वास कोणावरच ठेवत नाही, वकीलपत्र मात्र सगळ्यांचं घेते.

लोकांना वाटतं, बचावाचा वकील म्हणजे टेबलावर हात आपटून 'माझा अशील निर्दोष आहे' असं ओरडणारा प्राणी. मी टेबलावर हात आपटला तर फक्त चहा सांडतो. आमचं काम भाजी घेणाऱ्या बाईचं. काटा दाबला का, पिशवीसकट तोललं का, ओला माल सुक्याच्या वजनात घातला का, एवढंच बघायचं. गांज्याचे शेंडे तोलले की देठ-पानंही त्यात ढकलली? लाखेची मोहर कोणाची होती, आणि नंतर ती कोणाच्या खिशात फिरत होती? झडती घेण्याआधी आरोपीला त्याचा हक्क सांगितला का? पंच खरंच रस्त्यावरून बोलावला, की पानटपरीवरचा नेहमीचाच? एक पंच मला इतक्या खटल्यांत भेटलाय की पिंजऱ्यात चढला की आधी मलाच नमस्कार करतो. गुन्हा कोणी केला हे पोलिसांनी बघावं. तो सिद्ध करताना कोणी आळस केला, ते मी बघते.

हत्यारांचंही तेच. पंचनाम्यात प्रत्येक हत्यार 'धारदार' असतं. त्यावर बोट चालवून कोणी पाहिलेलं नसतं.

तर एका तलवारीची गोष्ट. गोंदियाजवळच्या मुर्रीच्या पलीकडच्या एका गावातलं पोवाराचं घर. मीही पोवारच, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. आमचे पूर्वज माळव्यातून आले, आणि येताना बहुधा फक्त राजेच आले, प्रजा तिकडेच राहिली. आमच्या प्रत्येक घरात एक राजा असतो. धान रोवायला मात्र त्याला चिखलातच उतरावं लागतं. या घरातल्या राजाकडे वाडवडिलांची तलवार होती. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, भावकी जमायची आणि घरचा कर्ता तिने एका घावात कोहळा तोडायचा. तुटला की वर्ष चांगलं आणि घराण्याची पत शाबूत.

त्या वर्षी म्हाताऱ्याने तलवार पोराच्या हाती दिली, कारण पोरगा पोलिस भरतीत निवडला गेला होता. पोराने घाव घातला, कोहळ्याच्या दोन फाका झाल्या, आणि पोराने व्हिडिओ मोबाईलच्या स्टेटसला टाकला. सणापुरता हत्यारबंदीचा हुकूम लागू होता. भावकीतल्याच कोण्या पुण्यवानाने तो व्हिडिओ ठाण्यात नेऊन दाखवला. तलवार मुद्देमाल झाली आणि होऊ घातलेला पोलिस आरोपी झाला. त्याची नेमणूक चारित्र्य पडताळणीपाशी अडकली. खटल्यातून सुटला तर नोकरी, नाही तर ती कायमची गेली.

बाप-लेक माझ्या ऑफिसात आले. पोराची आई, म्हातारी, तीही आली होती. ती दाराजवळच्या स्टुलावर, पदर सावरून, आपण इथे नाहीच अशी बसली.

"काका, तलवार बोथट असेल ना?" मी आशेने विचारलं.

म्हातारा खुर्चीत ताठ झाला. "काऊन बोथट राहील, वकीलबाई? आमच्या पुरख्यायनं लढाया मारल्या तिच्यानं. व्हिडिओ पाहा ना. एका घावात कोहळा."

"तोच व्हिडिओ सरकारी वकील दाखवणार आहेत."

"दाखवू द्या. अभिमानाची गोष्ट हाय."

मी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. धार नसलेलं पूजेचं लोखंड असेल तर मला भांडता येतं. पण आज तलवारीला धार नाही म्हटलं, तर समोरचा म्हणेल की ठाण्यात पडून गंजली, दसऱ्याला तर कोहळा सपकन तोडला होता. म्हणून घरच्या कर्त्याने साक्षीला येऊन एवढंच सांगावं, की ती पहिल्यापासून बोथट आहे.

"मी खोटं नाई बोलत," म्हातारा म्हणाला.

"पोराची नोकरी जाईल, काका."

त्याने पोराकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे पाहिलं. "दुसरं काही बी सांगा. पुरख्यायले बोथट नाई म्हणत मी."

मला राग आला. माझे गांजावाले परवडले, त्यांना निदान सुटायचं तरी असतं. इथे बाप पोराच्या पोटावर पाय देऊन छाती फुगवत होता. मी त्यांना तारीख सांगून वाटेला लावलं.

थोड्या वेळाने म्हातारी एकटीच परत आली. छत्री राहिली म्हणाली. छत्री तिच्या काखेतच होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "थो कोहळा तलवारीनं नाई तुटत."

"मग?"

"मी चिरतो ना आधी."

मी पेन खाली ठेवलं. म्हातारी समोरच्या खुर्चीत बसली आणि एखाद्या भाजीची कृती सांगावी तसं सांगू लागली. "दसऱ्याले माणसं बोडीवर आंघोळीले गेली का, पावशी घेतो अन् कोहळा खालून चिरतो. वरची चार बोटं तेवढी सोडतो. चिरेत तांदळाचं पीठ भराचं, वरून हळद-कुंकू. मंग तांदळाच्या राशीवर चिरलेली बाजू खाली ठेवाची. काठी मारली तरी तुटते."

बोडी म्हणजे गावचं लहान तळं आणि पावशी म्हणजे आमच्याकडची विळी. घराण्याचा सगळा पराक्रम त्या विळीने केला होता.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"सासूनं. तिच्या वेळी एकडाव तलवार टणकन वापस आलती. भावकी हासली. सासरे रुसून बसले, जेवतच नोहते. तवापासून हे बायायचं काम."

"काकांना माहीत आहे?"

"माणसायले कायले सांगाचं?" तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं.

मग मी तिला सांगितलं, की हेच कोर्टात, शपथेवर, सगळ्यांदेखत सांगावं लागेल. नवरा समोर असेल, भावकी असेल. ती गुडघा चोळत ऐकत होती.

"पुरखे तं मरून गेले," शेवटी म्हणाली. "पोरगं जितं हाय. सांगतो मी."

ती गेल्यावर मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं. या बाईने संसारभर ज्या एका गोष्टीवर झाकण ठेवलं, ते मी तिला भर कोर्टात उघडायला लावणार होते.

साक्षीच्या दिवशी मी म्हाताऱ्याला येऊ नका म्हटलं होतं. तो पांढरं स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून आला आणि भावकी घेऊन आला. न्यायाधीश तरुण होते, पुण्याकडचे, फार सभ्य. पावशी म्हणजे काय हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मुद्देमाल उघडला होता आणि टेबलावर ती गंजकी तलवार पडली होती. म्हातारीने पिंजऱ्याचा कठडा धरला आणि माझ्या ऑफिसात सांगितलं तसंच सगळं सांगितलं. चार बोटांवर आली तेव्हा मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. तो आधी बायकोकडे बघत होता, मग तलवारीकडे, मग पुन्हा बायकोकडे. लोकांची तोंडं वाचण्यावर माझं पोट चालतं. या माणसाला हे आत्ता कळत होतं, आणि जी हसते ती भावकी त्याच्या पाठीमागेच बसलेली होती.

सरकारी वकील उठले. "नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि इतकी वर्षं हे चालतं? आई पोरासाठी काहीही बोलेल, साहेब. ही गोष्ट मॅडमच्या ऑफिसात शिजली आहे." प्रश्न चोख होता. त्यांच्या जागी मी हाच विचारला असता.

न्यायाधीशांनी म्हातारीला विचारलं, "तुमचे यजमान इथे आहेत का?" तिने नाव न घेता हाताने दाखवलं. त्यांनी कायद्याने मिळालेला अधिकार वापरला आणि म्हाताऱ्याला कोर्टाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात बोलावलं. ज्याला मी साक्षीपासून लांब ठेवलं होतं, तोच आता शपथ घेत होता, आणि खरं बोलायचा त्याला नाद होता.

"कोहळा आधी चिरलेला असतो, हे तुम्हाला माहीत होतं का?"

म्हाताऱ्याने फेटा नीट केला. बायकोकडे पाहिलं नाही, पोराकडेही नाही.

"हो, साहेब. माहीत हाय. लगन झालं त्या सालापासून."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलाचं, साहेब. रीत म्हणून घाव घालाचा रायते, घालतो. तलवार बोथटच हाय. माह्या बापालेही मालूम होतं."

सरकारी वकिलांनी त्याला बरंच उलटसुलट विचारलं. तो जराही चळला नाही. इतक्या वर्षांत मी खोटे साक्षीदार ढिगाने पाहिले, त्यांतले काही तर माझ्याच बाजूचे. त्यांचा पाय हलतो, डोळे दाराकडे पळतात. याचं काहीच झालं नाही. मी खाली मान घालून कागद चाळत राहिले, कारण माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नव्हता.

पोरगा सुटला. आज तो पोलिसात आहे आणि कधीतरी गांज्याची बॅग धरून माझ्यासमोर पिंजऱ्यात उभा राहील. तेव्हा मी त्याची अजिबात गय करणार नाही.

पण मला जास्त आठवते ती त्या साक्षीनंतरची दुपार. कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारीने नवऱ्याला गाठलं. भावकी पुढे निघून गेली होती.

"लगनाच्या सालापासून मालूम होतं तुमाले?"

"हो."

"अन् मी दरवर्षी जीव मुठीत धरून, लपूनछपून पीठ भरून राहिली होती? बोलले काऊन नाई?"

"तुले वाईट वाटलं असतं."

मग जी ती भडकली. जन्मभर मला वेडी बनवलं, मनातल्या मनात हसत असाल, पोटात एक अन् ओठात एक असा माणूस मी पाहिला नाही. ऑटो स्टँडपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. मी एका वाक्यात तिला गप्प करू शकले असते. नाही केलं. म्हातारा मान खाली घालून, सगळं ऐकत तिच्या मागे मागे चालत गेला.