थोरलीच्या गालांवरचा रंग

पाचोडची माणसं थोरल्या बहिणीला पाहायला येणार होती आणि तिला आठवडाभर दिवसाआड हिवताप येत होता. निजामाच्या राज्यातलं आमचं औरंगाबाद. मी पंधरा वर्षांची. शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला लग्नघरी नवऱ्या सजवायच्या. त्यांच्याजवळ बसून मी ते शिकले होते. आईला ते मुळीच आवडत नसे. त्या दिवशी मात्र तिनंच मला हाक मारली.

"लई पिवळी दिसायली ती. काय लावायचं ते लाव. खालांना सांगू नको."

रतनजोतीची मुळी तुपात कढवली की तुपाला तांबडा रंग चढतो. त्यात उगाळलेलं चंदन मिसळून मी विटकरी रंग केला आणि गालांवरून कानशिलाकडं हलक्या बोटानं पसरवत नेला. उरलेल्यात काजळाचा कण घालून पापण्यांवर फिरवला. खोल गेलेले डोळे जरा वर आल्यासारखे दिसले. पण गाल हाताला कढत लागत होते. मी आईकडं पाहिलं. तिनं मान फिरवली.

पसंती झाली. पंधरा दिवसांत लग्न लागलं. तेव्हाही रंग मीच लावला.

महिन्याभरात सासऱ्यांनी तिला बैलांच्या दमणीतून परत आणून सोडलं. "आजारी पोर आमच्या गळ्यात मारली तुम्ही!" दारातूनच ते माघारी फिरले.

मी खालांपुढं रडले. "तेव्हाच सांगायचं होतंस गं," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच तिला सरकारी दवाखान्यात हिवतापावरचं कोयनेल प्यायला नेऊ लागल्या. थोरली मला कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तू आरसा दाखवलास ना, तवा मला वाटलं मी बरी झाले."

ताप सुटायला दिवाळी उजाडली. मग एक दिवस तिचे यजमान एकटेच आले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

"दाजी, तिचा काय दोष नाय. रंग मी लावला."

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या बापासमोर सांगशील?"

"व्हय."

वडिलांसोबत मी थोरलीला घेऊन पाचोडला गेले आणि भरल्या घरात तेच पुन्हा बोलले. सासरे उठून ओसरीवर गेले. सासूनं तेवढं पुढं होऊन थोरलीचा हात धरला, आत नेलं.

तिचा संसार झाला. सासऱ्यांनी मात्र पुढं कधीच आमच्या घरचं पाणी घेतलं नाही.