वामन्याचा फोकसर आणि वहिनींचं ‘वा’

दुर्बिणीतलं आख्ख्या राहनाळ गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. एक वामन भोईर सोडून. दुर्बीण त्याची, मी नुसता स्टूल धरतो. पण स्टूल धरून धरून किस्से इतके साठलेत, की आता ते कुणाच्या तरी डोक्यावर ओतायलाच हवेत!

वामन्या जुना लूमवाला, जन्म यंत्रमागावर गेलेला. आरसा स्वतः घासला, नळकांडं स्वतः केलं. अडला तो फोकसरवर. म्हणजे डोळा लावायचं भिंग आत-बाहेर सरकवणारा भाग. ज्याची जशी नजर, तसं ते ज्यानं त्यानं सरकवायचं. आणि घोळ तिथेच. त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा हात थरथरतो. वामन्याला तर शनीची कडी वहिनींना दाखवायची, तीही त्यांच्याच हातानं. मी म्हटलं, लोक बायकोला शनीपासून लांब ठेवतात, हा मुद्दाम गाठ घालून देतोय!

*

पहिला फोकसर नळाच्या आट्यांचा. फिरवला की सगळी दुर्बीण हलायची, चंद्र गायब. म्हटलं, शेजारी काल्हेरच्या गोडाऊनला गेला असेल, गेटपास घेऊन ये. वहिनी मात्र डोळा टेकायच्या आधीच म्हणाल्या, “वा!”

वामन्याचं तोंड उतरलं. त्याला सगळं कळतं.

*

दुसरा दातेरी चाकाचा. वहिनींचा हात लागला की चाक धाडकन पुढे. शनी अलीकडे धूसर, पलीकडे धूसर. मधला स्वच्छ कुठे गेला, देव जाणे. तरी वहिनींचं “वा, वा!”

मी विचारलं, कडी कशी होती? तर म्हणाल्या, भावजी, चहा टाकू का?

*

तिसरा बिनदात्यांचा. नळी रुळांमध्ये दाबून धरलेली, नुसत्या पकडीवर लोण्यासारखी सरकणारी. पण हात पडला लूमवाल्याचा! फिरणारं काही दिसलं की तेलाची बुधली आपोआप उचलली जाते. तेल पडलं, पकड सुटली. मी डोळा नेला, तर नळी सरसर आत. शनीसुद्धा माझं तोंड बघेना!

“वामन्या, शनीला तेल देवळात वाहतात रे!”

त्यानं पाना उचलला. सगळं खोललं, रॉकेलनं पुसलं, कोरडं केलं, लाकडाची मोठी मूठ बसवली. मग दाबाचा स्क्रू केसभर आवळायचा, आणि स्वतःचा हात मुद्दाम थरथरवत मूठ फिरवून बघायची. पुन्हा केसभर ढिला. पुन्हा थरथर. त्याच्याकडे बघताना मला एक टोमणा सुचेल तर शपथ.

*

दिवेलागणीनंतर वहिनी गच्चीवर आल्या. मूठ हळूच फिरली. जरा मागे आली. थांबली.

‘वा’ नाही. वामन्या माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी मीच म्हटलं, “वहिनी, आज ‘वा’ नाही?”

डोळा न काढता म्हणाल्या, “भावजी, दिसत न्हवतं तवा म्हणत व्हते. आता जरा गप बसा, बघू द्या.”